आधी सिलिंडर, मग चाळिशी: टोरिक लेन्स वापरणाऱ्यांना जवळचं दिसेनासं झालं तर काय करावं

दहावीच्या वर्गाला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा मी दर वर्षी शिकवते. वृद्धदृष्टिता, म्हणजे आपली चाळिशी, काय असते, हे फळ्यावर आकृती काढून समजावते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी हजेरी घेताना ‘पाटील’ आडनावाच्या रांगेवर येऊन थांबले. आमच्या अमळनेरात एका वर्गात नऊ-दहा पाटील सहज असतात आणि त्यांना वेगळं ओळखायचं ते आद्याक्षरांवरूनच. ती आद्याक्षरंच एकमेकांत मिसळली होती. मागच्या बाकावरचे चेहरे स्वच्छ, फळा स्वच्छ, हातातला कागद मात्र पुसट. हजेरीपट हात लांब करून धरला तेव्हा कुठे नावं लागली.

माझ्या दोन्ही डोळ्यांना मायनस नंबर आहे आणि सिलिंडरही. चोविसाव्या वर्षापासून टोरिक, म्हणजे सिलिंडरही सांभाळणाऱ्या, कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. आता चाळिशीची भर पडली. त्यानंतरचे दहा महिने मी लेन्सच्या दोन चुकीच्या जोड्या, रोजची डोकेदुखी आणि जळगावच्या कितीतरी फेऱ्या यात घालवले. तुमचं वय चाळीसच्या पुढे असेल, लेन्स वापरत असाल आणि चिठ्ठीवर सिलिंडरचा आकडा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. नंबर ठरवणं त्यांचंच काम. पण दवाखान्यात जाण्याआधी आणि आल्यावर आपण काय करायचं, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१. डोळ्यात दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत, त्या वेगळ्याच ठेवा

सिलिंडर म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा, आकार. तो चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असेल तर प्रकाश एका ठिकाणी जमतो. आपला तो लिंबासारखा असतो: एका दिशेनं वक्रता जास्त, दुसऱ्या दिशेनं कमी. त्यामुळे अक्षराला सावली पडते, दूरही आणि जवळही. कधी कधी सिलिंडरचा काही भाग आतल्या भिंगाचाही असतो.

चाळिशी ही त्या आतल्या भिंगाची गोष्ट. वयाबरोबर ते कडक होत जातं आणि जवळचं पाहताना फुगेनासं होतं. ४० सेंटिमीटरवरचा कागद वाचायला डोळ्याला २.५ डायॉप्टरचा (नंबर याच एककात मोजतात) जोर लागतो. तो कमी पडू लागला की आपण कागद लांब धरतो.

लेन्स वापरणाऱ्या मायनसवाल्यांना हे चष्मेवाल्यांपेक्षा आधी जाणवतं. चष्म्याची काच डोळ्यापासून थोडी पुढे असते, त्यामुळे मायनस नंबरात जवळचं पाहताना तिची थोडी मदत होते. लेन्स डोळ्यावरच बसते, ती मदत मिळत नाही. ‘माझ्या मोठ्या बहिणीला अजून चाळिशी नाही, मग मलाच का’ असं वाटून घेऊ नका. माझी बहीण चष्मा वापरते, आणि वाचताना तो कपाळावर चढवून मोकळी होते. लेन्स अशी चढवता येत नाही.

२. दवाखान्यात जाताना पिशवीत काय हवं

– चष्म्याची ताजी चिठ्ठी, आणि मिळाल्यास दोन-तीन वर्षांपूर्वीचीही. सिलिंडर वाढतोय का, हे जुन्या चिठ्ठीवरूनच कळतं.
– सध्याच्या लेन्सचा खोका किंवा बारीक पाकिटावरचं लेबल. त्यावर बीसी (लेन्सची वक्रता), डीआयए (व्यास), पॉवर, सिलिंडर आणि अॅक्सिस छापलेलं असतं. डाव्या-उजव्याचं वेगवेगळं जपा.
– नेहमी वापरता तो चष्मा.
– चालू औषधांची यादी. अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात, हे डॉक्टरांना कळलेलं बरं.
– मधुमेह असेल तर शुगरचा ताजा रिपोर्ट. शुगर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो आणि त्या काळातल्या नंबरावर करून घेतलेली लेन्स वाया जाते.
– तुमच्या रोजच्या कामाची एखादी खरी वस्तू. मी तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि हजेरीपट नेले. माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या एका सराफकाकांनी खिशातून बारीक घडणीचा मणी काढला होता. त्यांचं वाचायचं अंतर माझ्यापेक्षा निम्मं. त्यांना आणि मला एकच नंबर कसा चालेल?

शेवटची एक गोष्ट कागदावर लिहूनच न्या: दिवसातले किती तास दूर पाहता, किती तास हातभर अंतरावर म्हणजे कॉम्प्युटर किंवा गल्ला, आणि किती तास अगदी जवळ. पुढचा सगळा निर्णय या तीन आकड्यांवर होतो. माझे होते चार, एक आणि तीन.

३. तपासणीआधी लेन्स काढून ठेवा

लेन्स वापरून कॉर्नियाचा आकार थोडा दबलेला असू शकतो. सकाळपर्यंत लेन्स घालून दुपारी सिलिंडर मोजला, तर तो खरा येईलच असं नाही. सॉफ्ट लेन्स किती दिवस आणि कडक लेन्स किती दिवस काढून ठेवायची, हे वेळ घेतानाच फोनवर विचारा. मला सॉफ्टसाठी एक आठवडा सांगितला होता. कडक लेन्सना त्याहून जास्त लागतो.

बाहुली मोठी करायचे थेंब घालायच्या *आधी* जवळचा नंबर काढून घ्या. थेंबांनंतर काढलेला जवळचा नंबर उपयोगाचा नसतो. पण थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा तपासायला नाही म्हणू नका. मायनस नंबर मोठा असणाऱ्यांनी मागचा पडदा आणि डोळ्याचं प्रेशर, दोन्ही तपासून घ्यावं. थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही, म्हणून बरोबर कुणाला तरी न्या किंवा रेल्वेनं जा.

सिलिंडर दोन-तीन वर्षांत भराभर वाढलेला दिसला तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, करून घ्या. केराटोकोनस नावाच्या दुखण्यात कॉर्निया पातळ होऊन पुढे येतो. तो असेल तर या लेखातले बरेच पर्याय तुमच्या कामाचे नाहीत. तिथून पुढचं कॉर्नियाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

४. चिठ्ठी स्वतः वाचता आली पाहिजे

माझ्या चष्म्याची चिठ्ठी अशी आहे. उजवा: -४.५०, सिलिंडर -१.७५, अॅक्सिस १८०. डावा: -५.२५, सिलिंडर -१.२५, अॅक्सिस १७०. जवळसाठी अॅड +१.२५.

पहिला आकडा गोल नंबर. दुसरा सिलिंडर, म्हणजे लिंबाचा लांबटपणा किती. तिसरा अॅक्सिस, म्हणजे तो लांबटपणा कोणत्या दिशेला. तो १ ते १८० अंशांत लिहितात. अॅड म्हणजे जवळसाठी वर घालायचा प्लस. सुरुवातीला तो +१ च्या आसपास असतो आणि साठीपर्यंत +२.५० च्या जवळ पोहोचतो.

इथे दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली, सिलिंडरचं चिन्ह. काही जण तो प्लसमध्ये लिहितात. -२.०० / +१.०० / ९० आणि -१.०० / -१.०० / १८० हा एकच नंबर आहे. गोल नंबर आणि सिलिंडर यांची बेरीज करा, सिलिंडरचं चिन्ह उलटा, अॅक्सिस ९० अंशांनी फिरवा. लेन्स नेहमी मायनस पद्धतीनं मागवतात. आकडे तसेच्या तसे उतरवून लेन्स मागवली तर ती चुकणारच.

दुसरी फसगत मोठी. चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे. काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते आणि नंबर ४ च्या पुढे गेला की ते अंतर हिशेबात धरावंच लागतं. माझ्या उजव्या डोळ्याचा -४.५० लेन्समध्ये -४.२५ होतो आणि -१.७५ चा सिलिंडर १.५५ च्या आसपास येतो. सॉफ्ट टोरिक लेन्सचे तयार सिलिंडर सहसा ०.७५, १.२५, १.७५ आणि २.२५ असे टप्प्यांनीच मिळतात आणि अॅक्सिस दहा-दहा अंशांनी. म्हणजे माझ्यासाठी १.२५ की १.७५, हे डोळ्यावर घालून पाहिल्याशिवाय ठरणारच नव्हतं. ‘चष्म्याची चिठ्ठी पाठवा, लेन्स घरपोच’ असं कुणी म्हणालं तर एवढा हिशेब आठवा.

५. आधी सिलिंडर बसवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे थोडं थांबते.

साधी लेन्स डोळ्यावर कशीही फिरली तरी नंबर बदलत नाही. टोरिक लेन्सला दिशा असते. ती फिरू नये म्हणून खालचा भाग जड किंवा वर-खाली कडा पातळ ठेवलेल्या असतात आणि पापण्यांच्या हालचालीनं ती जागेवर येते. तरीही प्रत्येकाच्या डोळ्यावर ती थोडी वेगळी बसते. दहा अंश फिरली की सिलिंडरच्या साधारण एक तृतीयांश एवढी चूक शिल्लक राहते. वीस अंश फिरली तर दोन तृतीयांश. तीस अंशांवर तर टोरिक घातली काय आणि साधी घातली काय, सिलिंडरपुरता फायदा शून्य.

माझं काय झालं ते सांगते. एका दुकानात मी जवळचं दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी थेट टोरिक मल्टिफोकल, म्हणजे सिलिंडरबरोबर दूर-जवळचे दोन्ही नंबर असलेली लेन्स, मागवून दिली. डोळ्यावर घातल्यावर ती कशी बसली, हे कुणी पाहिलं नाही. दूरच्या अक्षरांना खाली सावली आणि जवळचीही अक्षरं दुहेरी. ‘मल्टिफोकलची सवय व्हायला वेळ लागतो’ असं मला सांगितलं आणि मी दोन महिने सवय होण्याची वाट पाहिली. पेपर तपासायचा हंगाम, रोज संध्याकाळी कपाळ धरून बसायची. शेवटी दुसरीकडे गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणाऱ्या) ताईंनी स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, पाहिलं. टोरिक लेन्सवर बारीक खूण असते, काहींना खाली सहाच्या काट्याजवळ, काहींना दोन बाजूंना तीन आणि नऊजवळ. डाव्या डोळ्यावरची ती खूण वीस अंश सरकलेली होती. दोन महिने मी ज्याला चाळिशी समजत होते, त्यातला मोठा भाग नीट न बसलेला सिलिंडर होता.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त दूरसाठी, अॅड नसलेली, टोरिक ट्रायल लेन्स घालायची. वीसेक मिनिटं ती स्थिरावू द्यायची. मग खूण कुठे आहे ते तपासायचं. लेन्स नेहमी एकाच बाजूला आणि तेवढीच सरकत असेल तर अॅक्सिस बदलून ते भरून काढता येतं. ती दर वेळी वेगळीकडे जात असेल, तर अॅक्सिस बदलून उपयोग नाही, लेन्सचा आकार किंवा जातच बदलावी लागते. दूरचं स्वच्छ आणि स्थिर झालं की मगच जवळच्याला हात घालायचा.

घरी ओळखायची खूण: एक डोळा झाका आणि दूरची पाटी पाहा. पापणी मिटून उघडल्यावर क्षणभर स्पष्ट आणि मग पुसट, किंवा उलट, असं दर वेळी होत असेल तर लेन्स फिरत असावी. कुशीवर पडून टीव्ही पाहताना एकदम अंधुक होत असेल तरीही तेच. दिवसभर सारखीच सावली दिसत असेल तर ती कायमची एकीकडे सरकून बसली असेल किंवा सिलिंडर कमी पडत असेल.

६. जवळसाठी काय करायचं: पर्याय

*टोरिक लेन्सवर वाचायचा चष्मा.* सगळ्यात स्वस्त, सगळ्यात स्वच्छ दिसणारा आणि लोक ज्याला कमी लेखतात तो मार्ग. सिलिंडर लेन्सनं आधीच सांभाळलेला असतो, त्यामुळे वरून लागतो फक्त प्लस, दोन्ही डोळ्यांना सहसा सारखा. एरवी सिलिंडरवाल्यांना न चालणारे +१.०० किंवा +१.५० चे तयार चष्मे इथे चालतात. सलग दोन-तीन तास बारीक काम करणाऱ्यांनी, म्हणजे शिवणकाम, सराफी, हिशेबाच्या वह्या, आधी हाच मार्ग पाहावा. त्रास एवढाच, की सारखं वर-खाली पाहायचं असेल तर चष्मा काढ-घाल होतो. वर्गात मला ते जमेना.

*मोनोव्हिजन.* एका डोळ्यात दूरची टोरिक, दुसऱ्यात जवळची टोरिक. मेंदू गरजेप्रमाणे एकाचं चित्र उचलतो. माझ्या डाव्या डोळ्याची लेन्स दूरसाठी -५.०० / -१.२५ / १७० आहे. जवळसाठी तीच -३.७५ / -१.२५ / १७० होते. सिलिंडर तोच राहतो, फक्त गोल नंबरात अॅडचा प्लस मिळवतात, म्हणून मायनस तेवढा कमी होतो. फायदा असा, की साधी टोरिक लेन्स सगळीकडे मिळते आणि सिलिंडर कितीही असला तरी जमतं. तोटा म्हणजे खोलीचा अंदाज कमी होतो. जिना उतरताना आणि रात्री गाडी चालवताना ते जाणवतं. अॅड कमी असताना हे सोपं जातं, +२ च्या पुढे दोन डोळ्यांतली तफावत अनेकांना सोसत नाही.

दूरची लेन्स सहसा प्रबळ डोळ्यात घालतात. तो घरीच शोधता येतो: दोन्ही तळव्यांमध्ये छोटी खिडकी करून, हात लांब धरून, तिच्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ खिडकीतच राहतं, तो प्रबळ.

*टोरिक मल्टिफोकल.* एकाच लेन्समध्ये सिलिंडरही आणि दूर-जवळचे नंबरही. चष्म्याच्या बायफोकलसारखं वर दूर, खाली जवळ असं इथे नसतं. बहुतेक सॉफ्ट लेन्समध्ये नंबर वर्तुळाकार बदलत जातो, बऱ्याचदा मध्यभागी जवळचा आणि कडेला दूरचा. दोन्ही चित्रं एकाच वेळी डोळ्यात शिरतात आणि हवं ते निवडायला मेंदूला शिकावं लागतं. म्हणून उजेड चांगला असेल तर उत्तम, कमी उजेडात थोडं मंद. तयार साठ्यात ही कमी असते, मागवावी लागते, साध्या टोरिकपेक्षा महाग पडते. जळगाव-धुळ्यात ट्रायल लेन्स ठेवतात का, हे आधी फोनवर विचारा. नाहीतर नाशिकपर्यंत जायची तयारी ठेवा, पण ट्रायल न घालता पैसे भरू नका.

*साधी मल्टिफोकल.* सिलिंडर ०.७५ पेक्षा कमी असेल तर काही जणांना चालते. सिलिंडरचा निम्मा आकडा गोल नंबरात मिळवून भागवतात. ०.७५ किंवा त्याहून जास्त असेल तर टोरिकच मागा. मल्टिफोकलनं मुळातच चित्राची धार थोडी कमी होते, त्यात न सोडवलेल्या सिलिंडरची सावली मिळाली की दिवस खराब जातो.

*कडक लेन्स.* कॉर्नियाचा सिलिंडर ही लेन्स अश्रूंच्या थरानं आपोआप भरून काढते आणि दिसायला फार स्वच्छ असते. मल्टिफोकलमध्येही मिळते. पण आपल्याकडच्या धुळीत तिच्याखाली कण गेला तर भर रस्त्यात डोळा उघडवत नाही. मोठ्या आकाराची स्क्लेरल लेन्स धूळ आत येऊ देत नाही, मात्र ती बसवणारा अनुभवी माणूस शोधावा लागतो.

*प्रोग्रेसिव्ह चष्मा.* म्हणजे एकाच काचेत दूरपासून जवळपर्यंतचे नंबर असलेला. यातलं काहीही निवडलं तरी हा एक घरात असलाच पाहिजे. डोळा लाल झाला, ताप आला, लेन्स फाटली, त्या दिवशी दुसरं काय घालणार?

मी काय केलं? प्रबळ उजव्या डोळ्यात टोरिक मल्टिफोकल कमी अॅडची, डाव्यात जास्त अॅडची. आणि मार्च-एप्रिलमध्ये पेपरांच्या गठ्ठ्यापुढे बसताना त्यावर +०.७५ चा हलका चष्मा. दोन मार्ग एकत्र करायला कुठेही बंदी नाही.

७. ट्रायलच्या दिवशी दवाखान्यातच बसून राहू नका

भिंतीवरचा तक्ता अंधाऱ्या खोलीत वाचून ‘छान दिसतंय’ म्हणणं सोपं आहे. ट्रायल लेन्स घालून बाहेर पडा. मी अर्धा-पाऊण तास जळगावच्या बाजारात फिरले. दुकानांच्या पाट्या वाचल्या, मोबाइलवर पैसे पाठवले, औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख वाचून पाहिली, दोन पायऱ्या उतरले-चढले. परत येऊन ताईंना नेमकं सांगता आलं: पाटी स्वच्छ, मोबाइल स्वच्छ, औषधाची पट्टी नाही. ‘बरं दिसतं’ किंवा ‘नीट नाही दिसत’ एवढंच सांगितलं तर तपासणारा काय बदलणार? कोणती वस्तू, किती अंतरावर, कोणत्या उजेडात, हे सांगा.

तपासणी दोन्ही डोळे उघडे ठेवून करायला सांगा. मल्टिफोकल आणि मोनोव्हिजनमध्ये एकेक डोळा झाकून पाहिलं की माणूस उगाच घाबरतो.

८. पहिले दोन-तीन आठवडे

रोज थोडे तास वाढवत न्या. मध्येच जुनी लेन्स घालू नका, मेंदूचं शिकणं मागे जातं. वहीत दोन ओळी लिहा: किती तास घातली, काय अवघड गेलं. पुन्हा दाखवायला जाल तेव्हा ही वही न्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून घ्या. अॅक्सिस, अॅड आणि लेन्सची जात एकदम बदलली तर कशानं फरक पडला, ते कुणालाच कळत नाही.

दिव्यांभोवती वलयं दिसणं सुरुवातीला होतं. सवय होईपर्यंत रात्री गाडी चालवू नका. धुळ्याहून जळगावकडे येताना ५३ नंबरच्या महामार्गावर समोरून ट्रकमागून ट्रक येतात. तिथे अंदाज चुकून चालत नाही. तीन आठवड्यांनंतरही रात्री त्रास होत असेल, तर गाडीत ठेवायला लेन्सवरून घालायचा दूरचा पूरक चष्मा करून मिळतो. मोनोव्हिजनवाल्यांनी तो करून घ्यावाच.

तीन आठवड्यांनीही अक्षराला सावली असेल तर ‘अजून सवय होईल’ हे ऐकून घेऊ नका. सवय वलयांची होते, फिरलेल्या लेन्सची होत नाही.

९. खान्देशातला उन्हाळा, धूळ आणि मिरची

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. हवा कोरडी, डोक्यावर पंखा, समोर कुलर. लेन्स सुकली की नीट सरकत नाही, टोरिक जागेवर येत नाही आणि सकाळी स्वच्छ दिसणारं दुपारी अंधुक होतं. चाळिशीच्या वयात, विशेषतः पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचे डोळे आणखी कोरडे पडतात. लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब डॉक्टरांना विचारून ठेवा. कुलरचा झोत तोंडावर घेऊ नका. मी एप्रिल ते जून रोज फेकायच्या लेन्स किंवा सरळ चष्मा वापरते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी चुलीवर खापर ठेवून मांडे होतात. पहिल्या वर्षी मी लेन्स घालूनच चुलीपुढे बसले. तासाभरात धुरानं आणि धगीनं डोळे असे चिकटले की उघडेनात. सासूबाई धावत आल्या, “काय व्हयनं माय?” लेन्स ओढून काढू नका, आधी थेंब घाला, मिनिटभर थांबा, लेन्स हलायला लागली की मगच काढा. तेव्हापासून चुलीपाशी चष्मा.

हिवाळ्यात भरीताचे दिवस. बडगीत हिरव्या मिरच्या ठेचल्या की तिखट बोटांच्या रेषांमध्ये बसतं आणि साबणानं एकदा धुऊन जात नाही. सकाळी लेन्स घालून मगच स्वयंपाकाला लागा. संध्याकाळी काढण्याआधी हाताला तेल चोळा, मग साबण, पुन्हा साबण, आणि तंतू न सुटणाऱ्या कापडानं पुसा. मिरची ठेचायला हातमोजे घातले तर सगळ्यात बरं. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या हंगामातही तसंच, बारीक तंतू लेन्सखाली जातात. शेतात जाताना बाजूनं बंद असलेला गॉगल घाला.

आणि पाणी. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं, उकळून गार केलेलं, कोणतंही पाणी लेन्सला किंवा डबीला लावू नका. पाण्यात अकँथमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, तो कॉर्नियात शिरला तर नजर जाऊ शकते आणि उपचार महिनोन् महिने चालतात. तापीवर किंवा चांगदेवच्या संगमावर आंघोळीला जाल तेव्हा लेन्स घरी. रोज लेन्स ताज्या सोल्युशनमध्ये बोटानं चोळून धुवा, डबीतलं जुनं सोल्युशन ओतून टाका, त्यात भर घालू नका. डबी तीन महिन्यांनी बदला. बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. लेन्स घालून झोपू नका, दुपारी अर्धा तासही नाही.

१०. लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे कधी

डोळा दुखणं, लाल होणं, उजेड सहन न होणं, पाणी किंवा घाण येणं, नजर एकाएकी कमी होणं. यातलं एकही झालं तर लेन्स काढा, पुन्हा घालून पाहू नका, आणि दुकानात नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, बरोबर न्या, तपासणीला उपयोगी पडते. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब मागून घालू नका. जंतूंचं दुखणं त्यानं दबल्यासारखं वाटतं आणि आत वाढत जातं.

बाकी सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा तपासणी. अॅड दर दोन-तीन वर्षांनी थोडा वाढणार, सिलिंडरचा अॅक्सिसही वयाबरोबर हळूहळू बदलू शकतो. मी प्रत्येक वेळी नवे आकडे, लेन्स किती अंश सरकते आणि कोणत्या बाजूला, हे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. मागच्या वर्षी लेन्स मागवताना दुकानातल्या मुलानं डाव्याचा १७० अंशांचा अॅक्सिस उजव्याच्या रकान्यात लिहिला होता. कागद समोर होता म्हणून तो खोका फोडायच्या आधीच परत करता आला.